आमदाराचं सेवापुस्तक कुठं आहे?

विधानसभेचा अर्ज भरताना उमेदवाराला नमुना २६ मधलं शपथपत्र जोडावं लागतं. नवरा-बायकोच्या नावावर जमीन किती आणि कोणत्या गटात, सोनं किती तोळे, गाड्या कोणत्या, कर्ज कुठल्या बँकेचं, गुन्हे किती आणि कोणत्या कलमांखाली, शिक्षण कुठवर झालं, हे सगळं त्यात येतं. राजकारण्यांनी ते आपणहून दिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी निकाल दिला, संसदेने कायदा बदलून त्यातली हवा काढायचा प्रयत्न केला, आणि १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती पळवाटही रद्द केली. तेव्हा कुठं मतदाराला उमेदवाराचा सातबारा दिसू लागला. ही मोठी कमाई होती. दर निवडणुकीला वर्तमानपत्रांत ‘पाच वर्षांत संपत्ती एवढ्या पट’ अशा ज्या बातम्या येतात, त्या या शपथपत्रावरच चालतात.

पण हेच शपथपत्र एखाद्या विद्यमान आमदाराचं उघडून बघा. तो पाच वर्षं जे काम करायला मुंबईला आणि नागपूरला गेला होता, त्याबद्दल त्यात एक ओळ नाही. सभागृहात किती दिवस बसला, काय विचारलं, कोणत्या विधेयकावर बोलला, कोणत्या समितीत होता आणि तिच्या बैठकींना गेला का, स्थानिक विकास निधी कोणत्या कामांवर टाकला, काहीच नाही. त्याच्या बायकोच्या पाटल्यांचं वजन आपल्याला कळतं. त्याचं काम कळत नाही. सरकारी कचेरीतल्या शिपायाचंसुद्धा सेवापुस्तक असतं. रजा, बढती, ठपका, सगळं त्यात नोंदलेलं असतं. आमदाराचं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते असायला हवं आणि पुन्हा मत मागायला येताना त्याने ते बरोबर आणायला हवं.

ते नसल्यामुळे जी पोकळी राहते ती भरायला दोन गोष्टी तयार असतात. पहिली म्हणजे फलक. कुठल्याही गावात शिरा. वेशीपाशी काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला दिसते. वर ‘मा. आमदार यांच्या स्थानिक विकास निधीतून’, खाली कामाचं नाव, मग रक्कम, मग शुभहस्ते कोण, प्रमुख उपस्थिती कोण, आणि तळाशी सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, ठेकेदार. शंभर-दीडशे मीटर काँक्रीटचा रस्ता, सभामंडप, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीची शेड. पुष्कळदा कोनशिला रस्त्यापेक्षा जास्त टिकते. निवडणूक आली की या सगळ्यांची गुळगुळीत कागदावर पुस्तिका निघते, नाव ‘कार्यअहवाल’, आणि त्यात दोन हजार कोटी, तीन हजार कोटी असे आकडे असतात. मतदारसंघातून गेलेला राष्ट्रीय महामार्ग, रेल्वेचं दुहेरीकरण, जलजीवनच्या टाक्या, केंद्राचं, राज्याचं, जिल्हा परिषदेचं असं सगळं एका बेरजेत घातलेलं असतं.

हिशेब करून बघू. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतो, म्हणजे पाच वर्षांचे २५ कोटी. राज्याचा अर्थसंकल्प आता सहा-सात लाख कोटींचा आहे. हा सगळा पैसा कुठं जायचा त्याला मंजुरी विधानसभा देते, आणि २८८ जणांत आपला माणूस असतो. आपण त्याला जाब विचारतो तो पाच कोटींचा. सहा-सात लाख कोटींवर त्याने तोंड उघडलं का, हे कुणीच विचारत नाही. प्रत्येक अधिवेशनात हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या येतात आणि जातात. वेळ संपली की चर्चेविना राहिलेल्या खात्यांच्या मागण्या एकगठ्ठा मतास टाकून मंजूर होतात, त्याला सभागृहाच्या भाषेत गिलोटिन म्हणतात. त्या वेळी आपला आमदार बाकावर होता, लॉबीत होता की मतदारसंघातल्या एखाद्या लग्नात, हे गावाला कळायचं साधन नाही. लग्नात असेल तर मात्र फोटो असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सकाळचा दरबार. आमदाराच्या बंगल्यासमोर सातपासून माणसं असतात. एकाला पोराच्या बदलीसाठी पत्र हवं, एकीचा नवरा सोलापूरला सिव्हिलमध्ये आहे आणि औषधं बाहेरून आणायला सांगितली आहेत, एकाची बांधावरून मारामारी झाली आणि ठाण्यात फोन पाहिजे, एकाचं रेशनकार्ड ऑनलाइन दिसत नाही. स्वीय सहायक एकेकाचं ऐकतो, लेटरहेडवर दोन ओळी खरडतो, शिक्का मारतो. मी या दरबारांना नावं ठेवणार नाही. ज्याचं माणूस सिव्हिलमध्ये आहे त्याला तो फोन लाखमोलाचा असतो. पण हे काम आमदाराकडे का आलं, तेही बघायला हवं. तलाठी, ग्रामसेवक, ठाणेदार, तहसीलदार यांच्याकडून जे सरळ मिळायला हवं ते मिळत नाही, म्हणून माणूस आमदाराकडे येतो. त्यात २०२२ नंतर काही वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. नगरसेवक नाही, जिल्हा परिषद सदस्य नाही. गटारापासून अनुदानापर्यंत जो तो आमदाराच्या दारात. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच आमदारांना हे सोयीचंही पडतं. यंत्रणा नीट चालली तर दरबार ओस पडेल.

मग सभागृहात करायचं तरी काय असतं? लोकांना वाटतं, भाषणं. भाषण हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरी हत्यारं वेगळी आहेत: मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा तारांकित प्रश्न, तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष ओढणारी लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, खात्याच्या मागणीतली रक्कम कापायला सांगणारी कपात सूचना, नियम २९३ खालची चर्चा, औचित्याचा मुद्दा, अशासकीय विधेयक. शिवाय लोकलेखा, अंदाज, आश्वासन (मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला का ते बघणारी), विनंती अर्ज अशा समित्या आहेत; तिथं वर्तमानपत्रवाले नसतात आणि म्हणूनच सचिवांना घाम फुटेल असे प्रश्न विचारता येतात. तारांकित प्रश्नाची यादी ज्याने कधी वाचली असेल त्याला तिचा साचा पाठ होतो. ‘मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग पहिल्या उपकलमात ‘हे खरे आहे काय’, पुढं ‘असल्यास, चौकशी केली आहे काय’, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरही ठरलेलं. ‘हे खरे नाही’ किंवा ‘अंशतः खरे आहे’, आणि शेवटच्या कलमाला ‘प्रश्न उद्भवत नाही’.

ही भाषा रुक्ष आहे, पण तिच्यात ताकद आहे. मंत्र्याने सभागृहात जे छापून दिलं ते नोंदीत राहतं. गावच्या तलावाचं काम निकृष्ट झालं हे ‘अंशतः खरे’ आहे असं एकदा लिहून आलं, की कार्यकारी अभियंत्याला उडवून लावता येत नाही. तयारीचा आमदार तिथंच उपप्रश्नावर मंत्र्याला पकडतो, तारीख मागतो, आणि दिलेली तारीख आश्वासन समितीच्या यादीत जाईल हे बघतो. बिनतयारीचा आमदार सहीपुरता उभा राहतो. प्रश्न कुणीतरी लिहून दिलेला असतो. या दोघांतला फरक पाच वर्षांनी मतदाराला दिसला पाहिजे की नको?

आता एका खऱ्या आमदाराकडे येतो, कारण हवेत बोलण्यात अर्थ नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, धनगर कुटुंबातला, शिक्षण वकिलीचं, पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. महाराष्ट्र राज्य झाल्यावरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची. त्यात ते निवडून आले. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या १९२ मतांनी पडले, १९९९ ला परत आले आणि २०१४ पर्यंत येतच राहिले. एकूण ११ वेळा, एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या लाल बावट्याखाली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आत गेलेला माणूस देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असतानाही बाकावर होता. बहुतेक काळ विरोधात. १९७७-७८ मध्ये विरोधी पक्षनेते. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारात मंत्री. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात ते गेले.

ते गेले तेव्हा सगळीकडे एकच गोष्ट सांगितली गेली: आबासाहेब, म्हणजे गणपतराव, एसटीने प्रवास करायचे. साधं घर, साधे कपडे, पैसा केला नाही, पक्ष बदलला नाही. हे खरंच आहे आणि आजच्या काळात ते थोडंथोडकं नाही. पण मला त्या दिवसांत वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. अर्धशतकाहून अधिक काळ विधानसभेत राहिलेल्या माणसाने तिथं केलं काय, हे सांगणारे लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एसटी सगळ्यांत होती. म्हणजे ज्याची गाडी मोठी त्याला आपण शिव्या देतो आणि ज्याला गाडीच नाही त्याची पूजा करतो. दोन्ही वेळा आपण गाडीच मोजतो. एसटीने जाणारा आमदार सभागृहात झोपाही काढू शकतो. गणपतराव झोपा काढत नव्हते. मग ते काय करत होते, ते सांगा ना.

त्यांचा तालुका समजून घेतल्याशिवाय ते सांगता येत नाही. सांगोला पर्जन्यछायेतला. माण नदी नावाला. वर्षातला बहुतेक काळ पात्रात वाळू नाहीतर वेड्या बाभळी. शेळ्या-मेंढ्या, खिलार जनावरं, बाजरी, ज्वारी, आणि दुष्काळ पडला की खडी फोडायची कामं. अशा तालुक्याच्या आमदाराला रस्त्याच्या कोनशिलांनी काही साधत नाही. तिथला प्रश्न दोनच गोष्टींचा: हाताला काम आणि पाणी. दोन्ही गोष्टी तालुक्याच्या हातात नाहीत, त्या मुंबईत ठरतात.

काम कसं ठरलं ते बघा. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ मध्ये आपल्याच भागात एक प्रयोग केला: जो काम मागेल त्याला काम द्यायचं. १९७२ च्या दुष्काळात तो प्रयोग राज्यभरची योजना झाला. १९७५ ला तिच्यासाठी व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून आजही दरमहा कापला जातो तोच. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागण्याचा कायदेशीर हक्क, तोही देशात पहिल्यांदा. केंद्राने तसा कायदा केला २००५ मध्ये. पुढं १९९० मध्ये याच रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली, खड्डे खणण्यापासून मजुरी सरकारने द्यायची. सांगोल्याच्या माळावर बोर आणि डाळिंब उभं राहिलं त्यात या योजनेचा मोठा हात आहे. डाळिंबावर तेल्या रोग आला, बागा गेल्या, पुन्हा लावल्या, ती वेगळी कहाणी. पण सांगोल्यात आलेला हा पैसा कुठल्या स्थानिक विकास निधीतून आलेला नाही. तो विधिमंडळात झालेल्या कायद्यातून आला. दुष्काळी भागातले डावे आमदार, त्यांत शेकापचे, या हमीच्या बाजूने सभागृहात आणि रस्त्यावर वर्षानुवर्षं भांडत होते. त्याची कोनशिला कुठं लावणार?

पाण्याचं तर अजून लांबलेलं. कृष्णेचं महाराष्ट्राच्या वाट्याचं पाणी राज्यांमधला पाण्याचा तंटा सोडवणाऱ्या बच्छावत लवादाने ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवलं, आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल असं म्हटलं. म्हणजे तोवर ते पाणी अडवून वापरात आणलं नाही तर पुढच्या वाटपात दावा लंगडा पडायची भीती. नदीकाठचे तालुके उसात न्हात होते आणि वरच्या माळावरच्या तालुक्यांना टँकर. १९९३ मध्ये आटपाडीला पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर आणि सांगली-सातारा-सोलापूरच्या १३ दुष्काळी तालुक्यांतली माणसं. मागणी नुसती ‘पाणी द्या’ अशी नव्हती. समन्यायी वाटप करा, प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा पाण्याचा वाटा द्या, अशी ती होती. आजही ही मागणी धाडसी वाटते, तेव्हा तर ती वेडगळ ठरवली गेली. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेवरून पाणी उचलायच्या योजनेला मान्यता मिळाली. मग निधी आटला, कामं रखडली. पंप बसले तर वीजबिल कुणी भरायचं यावर घोडं अडलं. वर्षामागून वर्षं परिषदा होत राहिल्या, आणि त्यातला एक माणूस दर अधिवेशनात तोच विषय घेऊन उभा राहत होता.

याला मी आमदारकी म्हणतो. कंटाळवाणी, चिकट, एकच धागा वीस-पंचवीस वर्षं न सोडणारी. ती फ्लेक्सवर मावत नाही.

पण मी गणपतरावांचा पोवाडा गायला बसलेलो नाही. सेवापुस्तक म्हटलं की त्यात ठपक्याचं पानही येतं. पहिली निवडणूक जिंकल्यानंतर पन्नास वर्षांनीही सांगोल्याच्या पुष्कळ गावांत उन्हाळ्यात टँकरच येत होता. विरोधात राहिल्याने कामं अडली असं म्हणणारे तालुक्यात तेव्हाही होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. १९९५ ची १९२ मतं त्याचीच खूण असावी. शेतकरी सहकारी सूतगिरणी त्यांनी कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात उभी केली आणि चालवून दाखवली, हे खरं. पण एका सूतगिरणीने तालुक्याचा तरुण पुण्याच्या गाडीत बसायचा थांबला नाही. तालुक्यात धनगर समाज मोठा, तो पाठीशी राहिला, हेही लपवायचं कारण नाही. एकेकाळी राज्यातला प्रमुख विरोधी पक्ष असलेला शेकाप त्यांच्या डोळ्यांदेखत आटत गेला आणि २०१४ मध्ये विधानसभेत तिघांवर आला. त्यांनी २०१९ ला थांबायचं ठरवलं तेव्हा उमेदवारी गेली ती नातवाकडेच. आयुष्यभर घराणेशाहीविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाला दुसरा माणूस सापडू नये, हे मला तरी बोचलं.

तर अशा आमदाराला गुण किती द्यायचे? मी म्हणेन, मिळालं काय आणि मागितलं काय या दोन वेगळ्या रकान्यांत मांडा. योजना मंजूर करणं मंत्रिमंडळाच्या हातात असतं, विरोधी आमदाराच्या नाही. पण मागणं, मांडणं, उत्तर काढून घेणं, दिलेला शब्द पाच अधिवेशनांनी पुन्हा समोर ठेवणं हे पूर्णपणे त्याच्या हातात असतं. दुसरा रकाना आपण कधी वाचतच नाही, म्हणून विरोधी आमदार म्हणजे ‘निधी न आणणारा’ असं सोपं समीकरण होतं. त्या समीकरणाचा पुढचा टप्पा आपण सगळ्यांनी पाहिला आहे: ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ सत्तेकडे जाणारे आमदार. त्यांच्या मतदारांनी कधी विचारलं का, की विरोधात असताना तुम्ही किती कपात सूचना दिल्या होत्या?

सांगोल्याचंच पुढचं घ्या. २०१९ ला शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी आले. २०२२ मध्ये गुवाहाटीहून त्यांचा फोन गाजला, ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’, आणि ज्यांना सांगोला कुठल्या जिल्ह्यात आहे हे ठाऊक नव्हतं त्यांनाही तो पाठ झाला. त्यांच्या कार्यकाळातही पाण्याच्या योजनांचा बराच गाजावाजा झाला. त्यात त्यांचं श्रेय किती, याआधीच्यांचं किती, की फाइल आपल्या गतीने चालत होती? सांगोल्याच्या चहाच्या टपरीवर यावर तासन्‌तास वाद होतात, आणि एकाच्याही हातात कागद नसतो. चांगलं बोलणाऱ्याच्याही नाही आणि वाईट बोलणाऱ्याच्याही नाही. ज्याची जीभ लांब त्याचा आमदार मोठा.

आता माझ्या मागणीवरचे आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप असा, की आकडे जाहीर केले की आकडेबाजी सुरू होते. प्रश्नांची संख्या मोजली जाणार म्हटल्यावर आमदार दोनशे फालतू प्रश्न टाकतील. टाकतील, नक्कीच. प्रश्न विकलेही जातात. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्यावरून संसदेने ११ खासदारांना घरी पाठवलं होतं. पण म्हणूनच नुसता आकडा नको, प्रश्नाचा मजकूर हवा. कोणत्या बिल्डरच्या भूखंडाबद्दल आमदार तिसऱ्यांदा विचारतो आहे आणि चौथ्यांदा एकदम गप्प का झाला, हे मजकूर सलग लावल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा नोंद उघडी झाली तर प्रश्नांचा बाजार करणाऱ्यांचीच अडचण होईल.

दुसरा आक्षेप, की मंत्री आणि अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत, त्यांचं पान कोरं दिसेल. त्यांचं पान वेगळं करा. मंत्र्याने दिलेली आश्वासनं किती आणि पुरी किती, हे त्याच्या पानावर येऊ द्या. मला तर ते पान आधी वाचायला आवडेल.

तिसरा आक्षेप नेहमी जरा हसून घेतला जातो: गावातल्या माणसाला हे कळणार आहे का, त्याला गटार पाहिजे. ज्या माणसाला साखर कारखान्याच्या वार्षिक सभेचा अहवाल उघडून उताऱ्यावर वाद घालता येतो, दूध संघाचा फॅटचा दर तोंडपाठ असतो, त्याला आमदाराने पीकविम्यावर काय विचारलं ते कळणार नाही? हा आक्षेप घेणारे बहुधा स्वतः गावात राहत नाहीत.

आणि यात नवीन काही शोधायचंही नाही. लोकसभेच्या सदस्याची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतला सहभाग सदस्याच्या नावाने सापडतो. मुंबईच्या आमदारांचं प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन कित्येक वर्षं काढतं आहे, आणि त्यावर आमदार चिडतात, याचा अर्थ ते वाचतात. पण मुंबईबाहेरच्या अडीचशे आमदारांकडे बघायला कुणी नाही. विधिमंडळाची छापील कार्यवाही, प्रश्नांच्या याद्या, समित्यांचे अहवाल असतात. त्यातून एका आमदाराची पाच वर्षं वेचून काढणं हे नोकरी-शेती सांभाळणाऱ्या माणसाचं काम नव्हे. सचिवालयाकडे ही सगळी माहिती आहेच. अध्यक्षांनी मनावर घेतलं तर प्रत्येक सदस्याच्या नावाने एक पान दर अधिवेशनानंतर प्रसिद्ध करायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. जिल्हा नियोजन कार्यालयात आमदार निधीच्या कामांची यादी असते, कामाचं नाव, मंजूर रक्कम, सद्यस्थिती; ती त्याच पानाला जोडता येईल. उमेदवारी अर्जासोबत हे पान सक्तीचं करायचं असेल तर मात्र नियम दिल्लीत बदलावा लागेल, आणि संपत्तीच्या शपथपत्राचा अनुभव पाहता त्यासाठी पुन्हा कुणालातरी न्यायालयातच जावं लागेल, असं दिसतं. तोवर अध्यक्षांचं पान पुरे.

२०२४ मध्ये सांगोल्याने गणपतरावांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना निवडून दिलं. सबंध विधानसभेत शेकापचा तो एकच आमदार. प्रचारात आजोबांचा फोटो होता, एसटीची गोष्ट होती, आणि लोकांनी ती प्रेमाने ऐकली. ठीक आहे, एकदा चालतं. एकट्या सदस्याच्या पक्षाला सभागृहात बोलायला वेळ मिनिटांत मिळतो. त्यामुळे त्यांना प्रश्न, लक्षवेधी आणि समित्या यांवरच जास्त भिस्त ठेवावी लागणार, म्हणजे नेमकं तेच काम करावं लागणार जे कुणाला दिसत नाही. टेंभूचं पाणी शेपटाच्या गावांना किती आवर्तनं मिळालं, डाळिंबाच्या विम्याचे पैसे का अडले, यावर त्यांनी सभागृहात काय विचारलं आणि मंत्र्याने कितव्या वेळी ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हटलं, हे २०२९ च्या प्रचाराआधी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर लागलेलं मला बघायचं आहे. त्यांच्या विरोधात जो उभा राहील त्यालाही त्याचा उपयोगच होईल.